पॉलिमर क्लेमधील व्यक्तिशिल्प: सांगाडा, चेहरा आणि भाजणी

ठसा (धागाकर्ता)

नमस्कार. शाडूच्या मूर्तींच्या धाग्यावर पॉलिमर क्लेविषयी काहींनी विचारले होते. तिथे सविस्तर लिहिले असते तर मूळ चर्चा भरकटली असती, म्हणून हा वेगळा धागा. कानातली, कीचेन, छोटी फळे-भाज्या अशा वस्तूंविषयी मराठीत आता बरेच काही मिळते; इथे मात्र मानवी आकृती आणि अर्धपुतळे यांपुरतेच बोलावे, अशी विनंती आहे. उदाहरण म्हणून सध्या हातात असलेले काम घेतो: गाडगेबाबांची साधारण ३० सेंमी उंचीची उभी आकृती, आणि तिच्याआधी चेहरा समजून घेण्यासाठी केलेला, १० सेंमी उंचीच्या डोक्याचा अर्धपुतळा. हा विषय निवडण्यामागे भक्तिभाव आहेच, पण कारागिराचा स्वार्थही आहे. सुरकुतलेला चेहरा, दाढी, डोक्यावर गाडग्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा. या माध्यमात जे जे कठीण आहे ते सगळे एकाच आकृतीत भेटते.

पॉलिमर क्ले ही नावापुरतीच माती आहे. पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर, रंगद्रव्य आणि थोडे भरणद्रव्य एवढ्यावर ती बनते. तिच्यात पाणी नसल्यामुळे ती हवेवर वाळत नाही. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला तापवल्यावरच हे कण एकमेकांत मुरून ती कायमची घट्ट होते, आणि आकसते ती इतकी थोडी की आकृतिशिल्पात हिशेबात धरण्याचे कारण पडत नाही. या गुणाचे कौतुक सगळेच करतात. माझे मत थोडे वेगळे आहे: नवशिक्याचा चेहरा बिघडतो तो बहुतेक वेळा याच गुणामुळे. पाण्याची माती वाळत जाते आणि करणाऱ्याला मोठे आकार आधी उरकायला लावते. ही माती कधीच घाई करत नाही, त्यामुळे माणूस पहिल्याच संध्याकाळी पापणीची कड कोरत बसतो, आणि कवटीची रुंदी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा ती सुबक पापणी मोडायला त्याचा हात धजत नाही. म्हणून टप्पे आपणच पाडावे लागतात, आणि प्रत्येक टप्प्याची सीमा म्हणून मी भाजणीचा उपयोग करतो. या धाग्यात मला मुख्यतः याच पद्धतीविषयी बोलायचे आहे.

सुरुवात सांगाड्यापासून. ३० सेंमीची आकृती साडेसात डोक्यांच्या प्रमाणात धरली तर डोके ४ सेंमीचे येते. कागदावर आकृती प्रत्यक्ष मापात समोरून आणि बाजूने काढून घ्यावी आणि तार त्या रेषांवर ठेवूनच वाकवावी. २ ते ३ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी करून, ड्रिल मशीनमध्ये एक टोक अडकवून पिळून घेतली की पुरेशी ताठ होते. पायांच्या तारा तळव्यांखाली चार-पाच सेंमी लांब ठेवून लाकडी पाटातल्या छिद्रांत घट्ट बसवाव्यात. खांदा आणि कमरेचे सांधे बांधकामावरच्या बाइंडिंग तारेने आवळावेत. तीच बारीक तार हातापायांवर सैलसर गुंडाळली की मातीला पकड मिळते, नाही तर गुळगुळीत तारेभोवती सगळा दंड गोल फिरत राहतो. छाती, ओटीपोट आणि डोके यांचा गाभा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा करावा, आणि ते फॉइल चमच्याच्या पाठीने ठोकून ठोकून इतके दाबावे की नखाने दबणार नाही. हा गाभा अंतिम आकारापेक्षा सगळीकडून ६ ते १० मिमी लहान हवा. त्यावर फेविकॉलचा हात देऊन पूर्ण वाळू दिला की माती घसरत नाही. सांगाड्यावर दिलेला वेळ वाया गेला असे वाटत राहते, कारण दाखवण्यासारखे काहीच झालेले नसते. परंतु आकृतीचा तोल, कमरेचा कल, कोणत्या पायावर भार आहे, हे सगळे तारेतच ठरते आणि नंतर मातीने दुरुस्त होत नाही.

चेहऱ्यात मी डोळ्यापासून मोजतो. प्रौढ माणसाचे बुबुळासह अख्खे नेत्रगोल साधारण २४ मिमी व्यासाचे असते आणि डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२-२३ सेंमी. म्हणजे १० सेंमीच्या डोक्यात नेत्रगोल साडेदहा मिमीच्या आसपास आणि ४ सेंमीच्या डोक्यात ४ मिमीपेक्षा किंचित मोठा. मोठ्या डोक्यासाठी मातीच्या दोन सारख्या गोळ्या आधीच भाजून घ्याव्यात. लहान आकृतीसाठी सायकलच्या दुकानात मिळणारा ४ मिमीच्या आसपासचा छर्रा उत्तम, कारण तो दाबाने चेपत नाही आणि दोन्ही डोळे तंतोतंत सारखे राहतात. डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येते, कपाळाच्या खाली नव्हे. बहुतेकांच्या चेहऱ्यात डोळे वर सरकतात आणि कवटीचा वरचा भाग गायब होतो. गाडगेबाबांच्या डोक्यावर खापर असल्यामुळे ही चूक झाकली जाईल असे वाटते, पण खापर कवटीवर बसलेले दिसावे लागते, भुवयांवर टेकवलेले नव्हे.

पहिल्या भाजणीपर्यंत डोक्यावर फक्त एवढेच असते: कवटीचा गोल, गालांच्या हाडांची रुंदी, जबड्याचा कोन, नाकाची पाचर आणि खोबणीत बसवलेले नेत्रगोल. ओठ नाहीत, पापणी नाही, एकही सुरकुती नाही. या अवस्थेत डोके ओळखू येत नसेल तर पुढच्या कोरीव कामाने ते येणार नाही. ते ओळखू येईपर्यंत मी भाजत नाही. भाजल्यावर मात्र त्या हाडांना पुन्हा हात लागत नाही, आणि वरच्या दोन-तीन मिमीच्या थरात मांस व त्वचा निर्धास्तपणे करता येते.

सुरकुत्यांविषयी एकच सांगतो. सुरकुती म्हणजे सुईने ओढलेली रेघ नव्हे. ती दोन फुगीर भागांमधली दरी असते. शिवाय ती स्नायूच्या तंतूंना आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा असतो म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू वर्तुळाकार म्हणून बाहेरच्या कोपऱ्यातून सुरकुत्या किरणांसारख्या फाकतात. हे ध्यानात ठेवून आधी मातीच्या बारीक वळ्या ठेवाव्यात आणि मग त्या कडांनी मिसळाव्यात. दात पडलेल्या वृद्धाचे ओठ आत ओढले जातात आणि हनुवटी पुढे-वर येते. कानशिले आणि गाल खोलगट होतात. हे बदल आकाराचे आहेत, रेघांचे नाहीत. रेघा मारून केलेला म्हातारा हा सुरकुत्या गोंदवलेला तरुणच दिसतो.

इतरांच्या पद्धती वाचायला आवडतील.

शाडूकर पेण

ठसा, लेख मन लावून वाचला. आमच्या घरात तीन पिढ्या शाडूत हात आहेत, त्यामुळे दोन ठिकाणी हरकत नोंदवतो, राग नसावा.

पाण्याची माती घाई करायला लावते हे अर्धेच खरे आहे. ओले फडके आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून ठेवले तर मातीचे काम कितीतरी दिवस ओले राहते. मोठ्या पुतळ्यांच्या मातीवर तर महिनोन्‌महिने पाण्याचा हात फिरत असतो. शिस्त माध्यमातून येत नाही, ती शिकवणाऱ्याकडून येते. माझे वडील आम्हाला कोरणी हातात देत नसत. अंगठा आणि लाकडी पट्टी एवढ्यावर चेहरा उभा राहिला, तरच कोरणी मिळायची.

दुसरी हरकत जास्त महत्त्वाची आहे. डोके आधी भाजून घेतले म्हणजे ते धडापासून तुटले. मान वळली की एका बाजूची मानेची शीर कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत ताठ उभी राहते, खांदा किंचित उचलला जातो, हनुवटीखालची कातडी एका बाजूला ताणली जाते. हे सगळे एकदम वाढायला हवे. पक्के झालेले डोके कच्च्या खांद्यावर ठेवले की बाहुलीसारखे दिसते. बाजारातल्या पॉलिमरच्या अनेक आकृत्यांत मला हाच दोष दिसतो.

आणि एक विनंती, जी या धाग्याच्या थोडी बाहेरची आहे पण आमच्या गावाच्या दृष्टीने आवश्यक आहे. या वस्तूला क्ले म्हणतात म्हणून काही मंडळी तिची गणेशमूर्ती करून विसर्जनाला नेऊ पाहतात. ती पाण्यात विरघळत नाही. मूर्ती घरात कायम ठेवायची असेल तर खुशाल करावी. विसर्जनाची मूर्ती मात्र शाडूचीच करावी.

ठसा

शाडूकर, रागाचा प्रश्नच नाही. विसर्जनाच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत.

मानेविषयी तुम्ही म्हणता तो धोका खराच आहे, म्हणूनच पहिल्या भाजणीत डोके जबड्याच्या रेषेपर्यंतच असते. मान कच्चीच राहते. डोक्यातून खाली येणारी तार वेगळी ठेवतो आणि ती छातीच्या फॉइलमध्ये केलेल्या नळीवजा पोकळीत सरकवतो. त्यामुळे भाजलेले डोके हवे तसे वळवता, झुकवता, वर-खाली करता येते आणि मान, खांदे व गळपट्टीची हाडे ही सगळी एकाच बैठकीत, एकाच कच्च्या मातीत घडतात. उलट एक फायदा असा मिळतो की डोके हातात धरून कल बदलून पाहता येतो आणि चेहरा चुरगळत नाही. गाडगेबाबांची मान पुढे झुकलेली हवी होती. ती किती झुकवायची हे मी असेच ठरवले.

मात्र आकृती एकसंध वाढली पाहिजे हे तुमचे म्हणणे मोठ्या शिल्पाला जितके लागू आहे तितके ४ सेंमीच्या डोक्याला नाही, असे मला वाटते. इतक्या लहान मापात धडाला आधार देणारा अंगठाच गालाएवढा असतो. कुठेतरी काहीतरी पक्के असल्याशिवाय पकडायचे कुठे?

रसायनी

माझा शिल्पकलेशी संबंध नाही, पण पीव्हीसीशी आयुष्यभर आला आहे, म्हणून भाजणीविषयी लिहितो.

पॉलिमर क्ले भाजताना पाणी उडून जात नाही आणि मातीच्या भांड्यासारखी रासायनिक उलथापालथही होत नाही. तापमान वाढले की प्लॅस्टिसायझर पीव्हीसीच्या कणांत शोषला जातो, कण फुगतात आणि त्यांच्या सीमा विरून एकसंध वस्तुमान तयार होते. हे होण्यासाठी आतल्या भागालाही ते तापमान काही काळ मिळावे लागते. म्हणून वेळ जाडीवर अवलंबून असते: सुपर स्कल्पीचे उत्पादक दर ६ मिमी जाडीला १३० अंशांवर १५ मिनिटे सांगतात, तर फिमोसाठी ११० अंशांवर ३० मिनिटे सांगितलेली असतात. पाकिटावरचा आकडा पाहावा. एका ब्रँडचा आकडा दुसऱ्याला लावू नये. कमी वेळ भाजलेला तुकडा बाहेरून घट्ट वाटतो, पण वाकवला की बिस्किटासारखा तुटतो. नीट भाजलेला पातळ तुकडा किंचित लवतो. वेळ थोडी जास्त झाली तर बिघडत नाही आणि पुन्हा पुन्हा भाजल्यानेही नुकसान होत नाही, त्यामुळे ठसा यांची टप्प्याटप्प्याची पद्धत रसायनाच्या दृष्टीने निर्दोष आहे. तापमान जास्त झाले तर मात्र गोष्ट वेगळी. आधी रंग तपकिरी होतो, आणि आणखी वर गेल्यास पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराईड वायू बाहेर पडतो, जो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. असे झाल्यास ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे.

घरगुती ओटीजीच्या (विजेच्या छोट्या ओव्हनच्या) बटणावर विश्वास ठेवू नये. बटण १३० दाखवते तेव्हा आत ११० किंवा १६०ही असू शकते, आणि कॉइल लाल होते त्या क्षणी तिच्याजवळचा भाग बराच जास्त तापतो. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्यावा, ओव्हन आधी तापवून स्थिर होऊ द्यावा, आणि शिल्पावर फॉइलचा सैल तंबू करावा, म्हणजे नाक आणि बोटे कॉइलच्या थेट झळीपासून वाचतात. मायक्रोवेव्हमध्ये हे काम करू नये. शक्य असल्यास या कामाचा ओव्हन स्वयंपाकाच्या ओव्हनपेक्षा वेगळा असावा.

जुन्या काळच्या पॉलिमर क्लेमध्ये थॅलेट वर्गातले प्लॅस्टिसायझर सर्रास असत. नामांकित उत्पादकांनी ते आता काढून टाकले आहेत. तरीही कामानंतर हात साबणाने धुवावेत आणि कच्ची माती प्लॅस्टिकच्या वाटेल त्या डब्यात ठेवू नये. कडक पारदर्शक पॉलिस्टायरिनचे डबे प्लॅस्टिसायझरमुळे चिकट होऊन खराब होतात. पॉलिप्रॉपिलीनचे डबे चालतात.

न्यूर्नबर्गकर

रसायनी यांनी फिमोचा उल्लेख केला म्हणून थोडे विषयांतर. मी राहतो त्या शहरात श्टेडलर कंपनीचे मुख्यालय आहे आणि फिमो आता त्यांचीच. या मातीचा जन्म मात्र बाहुल्यांच्या घरात झाला. केटे क्रूझ या प्रसिद्ध जर्मन बाहुलीकार बाईंच्या मुलीला, जिला घरात फिफी म्हणत, बाहुल्यांची डोकी करण्यासाठी हे द्रव्य मिळाले होते; तिने त्यावर काम करून घरगुती कलासाहित्य म्हणून ते विकायला सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते तिच्याकडून घेतले. अमेरिकेतल्या स्कल्पीची कथा याहून गमतीची: ती मुळात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी बनवलेली होती. त्या कामाला ती उपयोगी पडली नाही.

नवखी

ठसादादा, रसायनीकाका, खूप उपयुक्त माहिती. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मी केलेल्या अर्धपुतळ्याला भाजताना काही झाले नाही, पण दुसऱ्या दिवशी मानेभोवती आडवी बारीक चीर दिसली. शिवाय खांद्यावर आतून फुगल्यासारखे दोन उंचवटे आले आहेत. मी नागपूरला राहते. मे महिन्यात माती इतकी मऊ होते की बोट लावले की ठसा उमटतो. हे त्यामुळे झाले असेल का?

ठसा

नवखी, चीर आणि उंचवटे ही दोन वेगळी दुखणी आहेत.

उंचवटे म्हणजे अडकलेली हवा. फॉइल सैल राहिले किंवा मातीचे तुकडे एकावर एक थापताना मध्ये पोकळी राहिली की ती हवा ओव्हनमध्ये प्रसरण पावते आणि वरच्या मऊ थराला फुगवते. माती चपट्या पोळीसारखी एकदम न लावता एका बाजूने दाबत दाबत पुढे न्यावी. आता आलेले उंचवटे धारदार सुरीने कापून, खळगा नव्या मातीने भरून पुन्हा भाजता येतील. भाजलेल्या भागावर नवी माती चिकटण्यासाठी मध्ये लिक्विड पॉलिमर क्लेचा अगदी पातळ हात द्यावा.

मानेवरची चीर बहुधा जाडीतल्या फरकामुळे आणि झपाट्याने गार झाल्यामुळे आली असावी. छाती जाड, मान बारीक आणि मध्ये तार; प्रत्येक भाग वेगवेगळ्या गतीने आकसतो आणि ताण सगळ्यात अरुंद जागी येतो. ओव्हन बंद केल्यावर दार न उघडता शिल्प आतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. छातीचा गाभा फॉइलने भरून मातीची जाडी सगळीकडे सारखी ठेवली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. भाजणी कमी पडली असण्याची शक्यताही आहे. रसायनी यांनी सांगितलेला थर्मामीटर आधी घ्या.

उन्हाळ्याबाबत: माती उन्हात किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नये, ती पाकिटातच अर्धवट घट्ट होऊ लागते. फार मऊ झालेली माती साध्या कोऱ्या कागदांच्या दोन थरांमध्ये पातळ करून काही तास ठेवावी. कागद तेलकट होतो, म्हणजे जास्तीचा प्लॅस्टिसायझर निघून माती ताठ होते. काम करताना मधून मधून फ्रिजमध्ये ठेवले तरी चालते. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी करड्या रंगाची स्कल्पी फर्म घ्या, असे सुचवीन. ती मळायला कठीण जाते पण धार धरते, आणि करड्या रंगावर छाया स्पष्ट दिसत असल्याने आकार तपासणे सोपे होते. कातडीच्या रंगाची अर्धपारदर्शक माती दिसायला मोहक असते, पण तिच्यावर उजेड आत शिरतो आणि चुका दिसत नाहीत.

कला शिक्षक (निवृत्त)

चर्चा उत्तम चालली आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना मी ज्या गोष्टींचा आग्रह धरत असे, त्यांपैकी काही इथे जोडतो.

व्यक्तिशिल्प छायाचित्रावरून करायचे असेल तर ते छायाचित्र किती अंतरावरून काढले आहे याचा विचार करावा. जवळून काढलेल्या चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाईलवर हातभर अंतरावरून काढलेल्या चित्रांवरून केलेले पुतळे म्हणूनच फसतात. निदान दोन मीटर अंतरावरून, शक्य तर समोरून, पाऊण कोनातून आणि बाजूने अशी चित्रे घ्यावीत. गाडगेबाबांसारख्या व्यक्तीच्या बाबतीत ती सोय नाही. १९५६ मध्ये बाबा गेले; जी जुनी छायाचित्रे मिळतात ती समोरून किंवा किंचित तिरकी. बाजूचा चेहरा शिल्पकाराला समोरच्या छायांवरून तर्काने बांधावा लागतो: नाकाखाली सावली किती पडली, खालच्या ओठाखाली किती, यावरून उठाव कळतो. हा तर्क कागदावर रेखाटून आधी करावा, मातीत नव्हे.

मोजमाप डोळ्यांवर सोडू नये. कॅलिपर घ्यावा, नसेल तर दोन बांबूच्या काड्या एका टोकाला बांधून चालतात. कानापासून कानापर्यंत, गालाच्या हाडांमधले आणि जबड्याच्या कोनांमधले अशी तीन रुंदीची मापे जुळली की निम्मी ओळख तिथेच लागते. काम आरशात पाहावे, उलटे करून पाहावे, आणि दिवा एकाच बाजूला वरून ठेवून फिरत्या पाटावर संथ फिरवावे. कोणत्याही कोनातून बाह्यरेषा मेलेली दिसली तर तिथे काम बाकी आहे.

ठसा यांनी वस्त्राविषयी काही लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. गाडगेबाबांच्या आकृतीत निम्मा पृष्ठभाग वस्त्राचाच आहे. गणपतराव म्हात्रे यांचे १८९६ च्या सुमाराचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की त्यातली साडी शरीर झाकत नाही, उलट शरीर सांगते. चुणी कुठून तरी सुटते आणि कुठे तरी जाऊन थांबते. खांदा, कोपर, कंबर, गुडघा ही तिची उगमस्थाने आहेत. वाटेल तिथे चुण्या पाडल्या की वस्त्राखाली कोणी नाही असे वाटू लागते. अलिबागजवळ सासवने येथे वि. पां. करमरकरांचे शिल्पालय आहे. या धाग्यावरच्या नवशिक्यांनी तिथे एक दिवस घालवावा आणि साध्या माणसांच्या अंगावरची साधी वस्त्रे त्यांनी कशी हाताळली आहेत ते पाहावे.

ठसा

सर, वस्त्राचा मुद्दा मोठा आहे म्हणूनच वेगळा ठेवला होता. आता थोडक्यात लिहितो.

धड पूर्ण घडवून, उघडेच भाजून घेतो. मग माती लाटून साधारण एक मिमी जाडीची पाती करतो. पास्ता मशीन असल्यास उत्तम, नाही तर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटण्याने. गाडगेबाबांचे वस्त्र ठिगळांचे असल्यामुळे एक अखंड पाती लपेटण्याची गरज नाही. वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून, त्यांच्या कडा थोड्या एकमेकांवर चढवून अंगावर बसवतो. प्रत्येक ठिगळाचा पोत वेगळा हवा म्हणून एकावर मांजरपाट, एकावर खादी, एकावर गोणपाट हलकेच दाबून उमटवतो. आधी पोत, मग तुकडा अंगावर, आणि चुण्या सर्वांत शेवटी बोटांनी. उलट केले तर चुण्या दाबून सपाट होतात. टाके सुईच्या टोकाने द्यायचे, पण मोजकेच, आणि जिथे वस्त्राला ताण आहे तिथेच. सगळीकडे टाके दिले की नजर चेहऱ्यावरून उतरते.

पृष्ठभाग सारखा करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निथळलेला मऊ ब्रश कच्च्या मातीवर फिरवावा. हे चेहऱ्यावर जपून करावे, कारण अल्कोहोल वळ्यांच्या कडा विरघळवते आणि म्हातारा माणूस हळूहळू तरुण होऊ लागतो. भाजल्यावर घासायचे असल्यास पाण्याखाली पॉलिश पेपरने घासावे, म्हणजे धूळ उडत नाही.

तांबडी माती

रंगाबद्दल माझा अनुभव. भाजलेल्या शिल्पावर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरावेत. स्प्रेचे डबे आणि तेलकट इनॅमल रंग यांच्यातली द्रावणे प्लॅस्टिसायझरशी संधान बांधतात आणि पृष्ठभाग कित्येक महिन्यांनीही चिकट राहतो, वर धूळ बसते ती वेगळीच. रंगवण्याआधी शिल्प स्पिरिटने पुसून हातांचा तेलकटपणा काढावा. कातडीसाठी एक जाड थर देण्याऐवजी पातळ पाणीदार थर एकावर एक द्यावेत: आधी तपकिरी पाणी सगळ्या चेहऱ्यावर लावून लगेच पुसून घ्यावे, ते सुरकुत्यांत राहते, मग नाकाचे टोक, कान आणि बोटांच्या पेरांवर थोडी लाली.

एक शंका आहे. ठसा, खराटा तुम्ही मातीचाच करणार आहात का? इतक्या बारीक काड्या मातीच्या केल्या तर भाजण्याआधीच लोंबतील आणि भाजल्यावर कपाटात ठेवताना तुटतील, असे वाटते. आणि कानातल्या काचेचे काय?

ठसा

खराटा मातीचा नाही. १३० अंशांना लाकूड, सुती दोरा, कागद किंवा काच यांना काही होत नाही, त्यामुळे खऱ्या वस्तू शिल्पातच बसवून भाजता येतात. घरातल्या जुन्या खराट्यातून काढलेल्या हिरांची टोके उभी चिरून बारीक केली आणि सुती दोऱ्याने बांधली. त्या आधी एकदा रिकाम्याच ओव्हनमध्ये तापवून घेतल्या, म्हणजे आतला ओलावा निघून जातो. नाही तर वाफेने मुठीतली माती फुगते. काच म्हणून जुन्या हिरव्या बांगडीचा खसखशीएवढा तुकडा कच्च्या पाळीत चिमट्याने दाबला. कवडी मात्र मातीचीच, कारण एवढी लहान खरी कवडी मिळाली नाही.

उरला प्रश्न मुठीचा. काड्यांचा जुडगा आधी तळहातावर ठेवायचा आणि मग बोटे एकेक करून वळवायची, अंगठा सर्वांत शेवटी. बोटांमध्ये दीड मिमीपेक्षा कमी जाडीची तार असावी आणि ती मनगटात निदान दोन सेंमी आत गेलेली असावी. मूठ भाजून झाल्यावर जुडगा हलत असेल तर लिक्विड क्लेचा एक थेंब काड्यांमध्ये सोडून हात पुन्हा एकदा ओव्हनमध्ये घालायचा.